छोट्या सीएनसीवर एम ६चे आटे: टॅपऐवजी थ्रेड मिल

एम ३, एम ४ साठी (३, ४ मिमी बोल्टच्या आट्यांना) हाताने टॅप (भोकात फिरवून आटे पाडायचं हत्यार) मारा, त्यात काही कमीपणा नाही. पण मशीनवर टॅप चालवायचा तर स्पिंडल सावकाश पण ताकदीने फिरायला हवा, शिवाय त्याच्या फेऱ्यांशी झेडची (वर-खाली) चाल जुळायला हवी. हौशी राउटरच्या स्पिंडलला कमी आरपीएमवर ताकद नसते, एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) नसतो, आणि ग्रबलमध्ये (अशा मशीनच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) टॅपिंगची सायकलच नाही. म्हणून ॲल्युमिनियममध्ये एम ६पासून पुढे थ्रेड मिल, म्हणजे भोकात गोल फिरत आटे कापणारं टूल. टूल मोडलं तरी ते भोकापेक्षा बारीक असतं, तुकडा सहज बाहेर पडतो. टॅप आत मोडला की जॉब बहुतेक वेळा भंगारातच जातो.

खालचे सगळे आकडे एम ६ x १ साठी आहेत, म्हणजे व्यास ६ मिमी आणि पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. टूल एकाच ओळीत दात असलेलं, तीन दातांचं, टोकाचा व्यास ४.५ मिमी. विकत घेताना मान (दातांमागचा बारीक भाग) किती जाड आहे ते बघा. ३.३ मिमीपेक्षा जाड मान आट्यांच्या माथ्यावर घासते, आणि दोष मात्र टूलच्या धारेला दिला जातो.

भोक ५.० ते ५.१ मिमी. ६एचमध्ये (आतल्या आट्यांची नेहमीची टॉलरन्स) आतला व्यास ४.९१७ ते ५.१५३ चालतो, त्यामुळे ५.१ ठेवायला घाबरू नका, टूलवरचा भार बराच कमी होतो. १०,००० आरपीएमवर एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) ड्रिल जळेल. ४ मिमीच्या कार्बाइड एंड मिलने गोल उतरत भोक करा. १० मिमी आटे हवे असतील तर भोक १२ मिमी खोल.

माल कुठला आहे यानेही फरक पडतो. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये ज्याला एचई ३० म्हणतात, म्हणजे ६०८२ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, तो स्वच्छ कापला जातो. एचई ९ (६०६३) मऊ, दाताला चिकटतो. तिथे रॉकेलचे चार थेंब आणि हवेचा झोत दोन्ही लागतात.

चाल खालून वर. टूल भोकाच्या मध्यावर तळाशी न्यायचं आणि जी ३ कमांडने, घड्याळाच्या उलट दिशेने, दर फेरीला १ मिमी वर चढायचं. असं केलं की उजवे आटे पडतात, क्लाइम्ब कटिंग (दात जाड चिपपासून बारीककडे कापतो) होतं आणि चिप (धातूचा कीस) कापलेल्या जागेत पुन्हा दाबली जात नाही. मध्यावरून थेट बाजूला घुसू नका. ऑफसेट (भोकाच्या मध्यापासून टूलच्या मध्याचं अंतर) ०.७५ मिमी असेल तर ०.३७५ त्रिज्येचं अर्धवर्तुळ घेत भिंतीला टेका आणि तेवढ्यात झेड ०.२५ मिमीने वर न्या. पाव पिचच का? या अर्धवर्तुळात भोकाच्या मध्याभोवती टूल पाव फेरीच फिरतं, म्हणून ते आधीपासूनच त्याच हेलिक्सवर (आट्याच्या सर्पिल वाटेवर) असतं आणि सुरुवातीला डाग राहत नाही. ग्रबलवर पूर्ण फेरीच्या ओळीत एक्स किंवा वाय यातला एक शब्द लिहायलाच हवा, नाहीतर एरर ३२ येते.

फीडमध्ये (टूल सरकण्याच्या वेगात) बहुतेकांची गल्लत होते. कंट्रोलर फीड धरतो टूलच्या मध्याचा, कापते ती धार. ६ मिमीच्या आट्यात ४.५ मिमीचं टूल म्हणजे (६ − ४.५) ÷ ६, पाव पट. १०,००० आरपीएम, तीन दात, दर दाताला ०.०१ मिमी धरलं तर धारेवर मिनिटाला ३०० मिमी होतात. प्रोग्रॅममध्ये लिहायचे ७५. पहिल्या उथळ पासला (कापायच्या फेरीला) त्याहूनही कमी, साधारण ५५.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ऑफसेट ०.७५, म्हणजे मोठा व्यास बरोबर ६.०० कापला, तरी बोल्ट जात नाही. कारण दाताचं टोक. आट्याच्या तळाशी पिचचा आठवा भाग, ०.१२५ मिमी सपाटी गृहीत धरलेली असते. तुमच्या दाताचं टोक ०.०५ रुंद असेल तर ६.००वर थांबल्यावर खाच अरुंद राहते, पिच व्यास (आट्याच्या उतारांवर मधोमध मोजलेला) कमी भरतो. या दोन रुंदींच्या फरकाला ०.८६६ने गुणा: ०.०७५ गुणिले ०.८६६, म्हणजे ०.०६५ मिमी ऑफसेट आणखी हवा, एकूण ०.८१५. टोकाची रुंदी स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोपखाली ०.०५चा फीलर (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) शेजारी धरून अंदाजता येते.

म्हणून पासचे ऑफसेट असे: ०.५०, ०.६५, ०.७५, ०.७९, मग ०.७९वरच एक कोरडा फेरा, टूलला आलेला वाक निघून जायला. जॉब व्हाइसमधून सोडायचा नाही. चिप फुंकून गो गेज (आटे तपासायचं माप) लावा, घट्ट असेल तर ऑफसेट ०.०२ने वाढवत जा. गो पूर्ण आत जायला हवा, नो-गो दोन फेऱ्यांपुढे नाही.

बोल्ट फक्त तळाशी अडत असेल तर टूल वाकलं असं समजू नका. एका ओळीचं टूल वर-खाली सारखंच वाकतं. तळाशी चिप साचलीय किंवा भोक कमी खोल आहे. बोल्ट वरपासून खालपर्यंत दोन बाजूंना घट्ट आणि दोन बाजूंना ढिला वाटला, तर एक्स-वायचा बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढिलाई) डायल गेजने मोजा. पाऊण मिमीच्या त्रिज्येत ०.१ मिमी बॅकलॅश म्हणजे भोक अंडाकृती होणारच. मॅक ३ या दुसऱ्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश भरपाई आहे, ग्रबलमध्ये नाही. तिथे लीड स्क्रूचा नट बदलणं हाच उपाय.

आणि वीज. मध्येच लाइट गेली तर टूल आट्यात अडकून राहतं. परत आल्यावर होमिंग (मशीनला शून्य जागी नेणं) दाबू नका, ग्रबल आधी झेड वर उचलतो आणि आटे ओरबाडत टूल मोडतं. कॉलेट (टूल धरणारी पकड) सैल करा, टूल भोकातच राहू द्या, स्पिंडल वर घ्या, मग हाताने टूल मध्याकडे सरकवून सरळ बाहेर काढा.