शूराची शिदोरी

नोव्हेंबर 1885. बल्गेरियात ड्रॅगोमन खिंडीजवळचं एक छोटं गाव. रात्री मेजर पेटकॉफच्या मुलीच्या खोलीत बाल्कनीतून शत्रूचा, म्हणजे सर्बियाच्या फौजेतला, एक सैनिक शिरतो. अंगभर चिखल, रक्ताचे डाग, हातात पिस्तूल. इथवर सगळं रीतसर. आता हा तिला ओलीस धरणार, निदान एखादं जळजळीत वाक्य तरी फेकणार, म्हणून आपण खुर्चीत सरसावून बसतो. आणि नाटककार बर्नार्ड शॉ आपल्याला कळवतो, की पिस्तुलात गोळीच नाही. लढाईत काडतुसं घेऊन करायचंय काय, असा या गड्याचा सवाल. तो त्याऐवजी चॉकलेट बाळगतो, आणि तेही कधीच संपलंय. शेवटी शत्रूची ती लेकच, रैना, आपला चॉकलेट क्रीमचा डबा पुढे करते. कॅप्टन ब्लंटश्ली, म्हणजे हाच सैनिक, तो फस्त करतो, मग डबा बोटाने निपटतो आणि बोटं चाटतो.

नाटकाचं नाव 'आर्म्स अँड द मॅन'. व्हर्जिलच्या वीरकाव्याच्या सुरुवातीचे शब्द, ड्रायडनच्या इंग्रजीतून उचललेले. नाव ऐकून शौर्यगाथा बघायला आलेल्या प्रेक्षकाची पहिल्याच अंकात खाऊवर बोळवण.

आमच्या घरातले ब्लंटश्ली म्हणजे काका. काका ऑर्डनन्समध्ये होते, म्हणजे फौजेच्या दारूगोळ्याच्या आणि सामानसुमानाच्या कोठारात. 1971च्या लढाईच्या वेळी ते नोकरीत होते, एवढं भांडवल आम्हा पोरांना पुरे होतं. मे महिन्यात एरंडवण्याच्या गच्चीवर गाद्या पडल्या, की आम्ही त्यांना घेरायचो. "काका, युद्धाचं सांगा ना!" काका सांगायचे. पेट्या कशा मोजल्या, कुठल्या पेटीवरचा शिक्का पुसट होता, वॅगन सायडिंगला अडकली तेव्हा कुणाकुणाला फोन लावले, मोज्यांचे जोड कमी भरले म्हणून रजिस्टरात काय शेरा मारला. आम्ही रणगाड्याची वाट बघत झोपून जायचो. खालच्या मजल्यावरचे आजोबा कधी छावणीच्या फाटकातूनही आत गेले नसतील, पण त्यांचं युद्ध काय झकास असायचं! तोफा धडाडायच्या, पूल उडायचे, जखमी जवान पाणी नको म्हणायचे. साहजिकच आमची फितुरी खालच्या मजल्याकडे.

'युद्धस्य कथा रम्या' हे वचन आपण मोठ्या आवडीने म्हणतो. त्या सुभाषितात डोंगरही आहेत, आणि रम्य ते सगळं लांबून, अशी अटही आहे. ती आपण सोयीने गाळतो. पुण्यात तर फारच सोयीने. एका अंगाला खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी, दुसऱ्या अंगाला दक्षिण कमांडचं मुख्यालय, मध्ये शनिवारवाडा. पानिपतची लढाई इथल्या कट्ट्यांवर दर संक्रांतीला पुन्हा लढली जाते आणि दुसरा चहा येईपर्यंत बहुतेक वेळा जिंकलीही जाते.

मध्यंतरी भरत नाट्य मंदिरात कॉलेजच्या मुलांनी शॉचं हे नाटक केलं, तेव्हा काका-काकूंना मी मुद्दाम घेऊन गेले. रैनाचा वाग्दत्त वर सर्जियस याने स्लिव्‌नित्झाच्या लढाईत घोडदळ घेऊन थेट शत्रूच्या मशीनगनवर चाल केलीय, आणि जिंकलाय. मायलेकी त्याच्या तसबिरीची जवळजवळ पूजा करतायत. मग त्याच चढाईचं वर्णन ब्लंटश्ली करतो. तो तेव्हा मशीनगनच्या बाजूला होता. घोडदळ येतं ते खिडकीच्या काचेवर मूठभर वाटाणे फेकावेत तसं: आधी एक, त्यामागोमाग दोन-तीन, मग सगळे एकदम. तो पहिला एक कोण? सगळ्यात शूर वीर? छे. घोडा आवरत नाही म्हणून लगाम खेचत बसलेला बिचारा. इतरांच्या आधी पोचून मरायची हौस कुणाला असते? आणि ही चढाई फत्ते का झाली, तर सर्बियन तोफखान्याला चुकीची काडतुसं पाठवली होती म्हणून.

सगळं सभागृह हसलं. काका हसले नाहीत. मध्यंतरात लोक बटाटेवड्याच्या रांगेत धक्के मारत असताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "त्या सर्बियाच्या स्टोअरवाल्याची चौकशी बसली का गं पुढे?"

मला वाटतं, हे नाटक खऱ्या अर्थाने त्या रात्री एकट्या काकांना कळलं. सर्जियसचं शौर्य खोटं नाही. तो खरोखरच घोडा घेऊन सुटला होता. फक्त त्याच्या शौर्याचा निकाल त्याच्या हातात नव्हता, कुठल्यातरी कोठारातल्या कारकुनाच्या हातात होता. वर गंमत अशी, की जिंकूनही सर्जियसला बढती मिळत नाही. त्याचं म्हणणं, आपलेच रशियन सेनापती शास्त्रशुद्ध पद्धतीने हरत असताना मी चुकीच्या पद्धतीने जिंकलो. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

मुलांनी नाटक बरं केलं, फक्त सर्जियसला विदूषक केला. दर वाक्याला मिशी पिळणं, छाती फुगवणं. तिथे नाटक पडतं. सर्जियसने स्वतःला शंभर टक्के खरं मानलं पाहिजे, तर आपल्याला हसू येतं आणि जरा वेळाने त्याची कणवही येते. रैना आणि तो एकमेकांना देव-देवीच्या भाषेत आळवत असतात, त्याला ते 'उच्च प्रेम' म्हणतात. रैना टोपी आणायला आत जाते आणि पठ्ठ्या तिथल्या तिथे मोलकरणीला, लौकाला, कबूल करतो, की हे उच्च प्रेम फार वेळ चालवायचं म्हणजे दमायला होतं. किती खरं आहे हे! पहिल्या भेटीत चांदणं आणि कवितेवर बोललेला मुलगा पुढे गॅसचा नंबर लावायचं सांगायला जन्मभर संकोचतो. रैनाचंही तेच. तिचा तो थरथरता उदात्त आवाज लहानपणापासून आईवडिलांपुढे चाललेला, सर्जियसपुढे चाललेला. ब्लंटश्ली सांगतो, आवाज छान आहे, पण तुझ्या एकाही शब्दावर माझा विश्वास बसत नाही. ती आधी भडकते, मग हळूच विचारते, "कसं ओळखलंत?" अख्ख्या नाटकात मला हीच जागा सगळ्यात आवडते. उतरायला जागा मिळाल्याचा तो आनंद आहे.

काकूने फौजेतला मुलगा म्हणून काकांना होकार दिला होता. तलवार, सलामी, बँड. मिळालं काय, तर महिन्याच्या साखरेचं वजन करणारा नवरा. 71 साली काकांची पत्रं यायची त्यांत इथे कांदे मिळत नाहीत आणि स्वेटरची डावी बाही लांब झालीय, एवढाच मजकूर. ती पत्रं काकूने अजून ठेवली आहेत. का ठेवलीस, विचारलं तर म्हणते, मागच्या बाजूला दुधाचा हिशेब आहे.

21 एप्रिल 1894 रोजी लंडनच्या अ‍ॅव्हेन्यू थिएटरात या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात शॉ मंचावर आला, तर गॅलरीतून एकाच माणसाने निषेधाचा आवाज काढला. शॉ त्याला म्हणाला, अशी गोष्ट सांगतात, "अरे बाबा, मला तुझं पटतंय, पण एवढ्या लोकांपुढे आपल्या दोघांचं काय चालणार?" तो माणूस मूळचा सदाशिव पेठेतला असावा, असा माझा दाट संशय आहे.

पण शॉची कात्री सगळीकडे चालवावी असं मला वाटत नाही. पोवाड्यातल्या पानिपतात तलवारी आहेत. खऱ्या पानिपतात रसद तुटलेली, जनावरांना चारा नाही, आणि 14 जानेवारी 1761च्या सकाळी बाहेर पडलेलं सैन्य उपाशी. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत बातमी कळली तीसुद्धा सावकारी चिठ्ठीतून: दोन मोती गळाले, 27 मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ब्लंटश्लीच्या बाजूने याहून मोठा पुरावा नको. पण सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई ती बातमी मानायला तयार झाल्या नाहीत. भाऊ परत येतील या भरवशावर त्या सवाष्ण राहिल्या. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्यालाही माणसं मिळाली. 1776 साली त्याला देहदंड झाला. पार्वतीबाईंना मोज्यांचा हिशेब ऐकवायला कोण जाणार?

आणि शॉ तरी कुठे तसा कोरडा राहतो? सर्बियाच्या फौजेत का गेलास, तर स्वित्झर्लंडहून येताना आधी सर्बिया लागला म्हणून, असं सांगणारा हा ब्लंटश्ली तिसऱ्या अंकात स्वतःच कबूल करतो, की आपला स्वभाव पहिल्यापासून रोमँटिक, त्याला औषध नाही. दोनदा घरातून पळालो, बापाचा धंदा सोडून फौजेत गेलो, शहाणा माणूस तळघरात लपला असता तिथे मी बाल्कनी चढलो. मेजरचा उसना कोट टपालाने पाठवता आला असता, तो द्यायला स्वतः आलो, कारण त्या पोरीला पुन्हा एकदा बघायचं होतं. म्हणजे पुन्हा हिशेब विस्कटलाच.

याच अंकात त्याआधी त्याचे वडील वारल्याची बातमी आलेली असते आणि वारशाने त्यांची हॉटेलं मिळालेली असतात. पेटकॉफ मंडळींना चिंता, की सर्जियसकडे वीस घोडे आहेत, याच्याकडे काय? ब्लंटश्ली यादी वाचतो: 200 घोडे, 70 गाड्या, चादरी आणि कांबळ्यांचे 9600 जोड, पिसांच्या 2400 रजया, 10,000 सुऱ्या-काटे. आईबापांचा विरोध जागच्या जागी वितळतो. रैना मात्र रुसते, मी काही जास्त बोलीवाल्याला विकायला काढलेली नाही म्हणते, आणि मग होकार देते तो श्रीमंत हॉटेलवाल्याला नाही, आपल्या चॉकलेट क्रीमवाल्या शिपायाला.

ही यादी सुरू झाल्यावर काका प्रथमच खुर्चीत पुढे सरकले. ओठ हलत होते. ते बेरीज पडताळत असावेत. काकू माझ्या कानाशी कुजबुजली, "एवढ्या चादरी वाळत कुठे घालत असतील गं?" परतीच्या रिक्षात दोघांचं जुंपलं. काकांचं म्हणणं, अभ्रे यादीत नाहीत, म्हणजे यादीच अपुरी. काकूचं म्हणणं, आधी तिथे ऊन किती पडतं ते सांगा. लकडी पुलावर सिग्नलला थांबलो तेव्हा रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "लॉन्ड्री टाकताय का काका?"