लाल दोऱ्याचं बुरकुंड

सातारा-कोरेगाव रस्त्यालगत माझं डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर सव्वा इंची पाइपचा फूटभर तुकडा असतो आणि त्यात दोन्ही टोकांनी सरकवलेली मक्याची दोन बुरकुंडं. एका इंजिनाचा नमुना म्हणून आबांनी बनवलंय ते: पाइप म्हणजे सिलिंडर, बुरकुंडं म्हणजे पिस्टन. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, गाव अपशिंगे मिलिटरी. फौजेत मेकॅनिक होते, विजयंता रणगाड्याच्या इंजिनांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली.

विजयंता चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनायचा. त्याचं इंजिन लेलँड एल६०. सिलिंडर सहा, पिस्टन बारा! "आबा, मग हेड कुठं बसवायचं?" मी विचारलं होतं. हेड म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरचं झाकण.

"हेडच न्हाई लेका. दोन पिस्टन समोरासमोर. स्फोट हुतो तो मधी."

माझा जन्म हेडं उतरवण्यात चाललाय. हेड नाही म्हणजे गॅस्केट उडायचं नाही, वॉल्व्ह घासायचे नाहीत, टॅपेटची कटकट नाही. शिवाय हेडमधून पाण्यात जाणारी उष्णताही वाचते. वर एक क्रँक, म्हणजे पिस्टनच्या ये-जा करण्यानं फिरणारा दांडा, खाली एक, दोन्ही गिअरनी बांधलेले. पिस्टन जवळ आले की मधली हवा दाबली जाऊन तापते, सिलिंडरच्या कुशीतून नोझल डिझेल फवारतं आणि दोघं लांब ढकलले जातात.

खरी गंमत पुढं आहे. पाइपच्या दोन्ही टोकांजवळ आबांनी तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडलीत. एका टोकाच्या भोकांतून धूर जायचा, दुसऱ्या टोकातून ब्लोअरचं, म्हणजे हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचं, वारं यायचं. लाल दोरा बांधलेलं बुरकुंड धुराकडचं, आणि ते क्रँकच्या फेऱ्यात कायम काही अंश पुढं. त्यामुळं धुराच्या खिडक्या, म्हणजे ती भोकं, आधी उघडतात, दाब निघून जातो, मग वारं शिरतं आणि उरलासुरला धूर झाडून नेतं. परतताना धुराच्या खिडक्या आधी मिटतात, वाऱ्याच्या क्षणभर उघड्या राहतात, सिलिंडर ताज्या हवेनं भरून घेतो. लूनाच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोलही थोडं धुराबरोबर निसटतं. इथं निसटली तर नुसती हवा, कारण डिझेल येतं खिडक्या मिटल्यावर.

हाच मेळ युंकर्स या जर्मन कंपनीनं १९३०च्या दशकात विमानाच्या इंजिनात बसवला. कॉमर या ब्रिटिश ट्रकच्या टीएस३ इंजिनात तीन सिलिंडर, सहा पिस्टन आणि क्रँक मात्र एकच, दोन्हीकडचा जोर रॉकरनी, म्हणजे मधे टेकून झुलणाऱ्या दांड्यांनी, खाली आणलेला. नेपियर डेल्टिक हे ब्रिटिश इंजिन तर त्रिकोणी: तीन क्रँक, १८ सिलिंडर, ३६ पिस्टन. मला कॉमरची युक्ती सगळ्यात आवडते, इंजिन ट्रकच्या केबिनखाली मावेल इतकं आडवं केलंय.

किंमत मोजावीच लागते. धुराकडचा पिस्टन सतत गरम वायू झेलतो, त्याला गार व्हायला उसंत नाही. लाल दोरा त्याचसाठी, आबा म्हणतात, "ह्या गड्याकडं आधी बघायचं."

परवा दुकानातल्या नव्या पोरानं बुरकुंड मागंपुढं करत विचारलं, "मामा, पिस्टनच्या रिंगा खिडकीत अडकत न्हाईत का?"

प्रश्न ऐकून जीव सुखावला. काम बाजूला ठेवलं आणि खडूनं फरशीवर खिडक्या काढून दाखवल्या. एक मोठं भगदाड नसतं, दोन खिडक्यांमध्ये लोखंडाची पट्टी सोडलेली असते, आणि रिंग त्या पट्ट्यांवरून सरकत जाते.