कवेलूखालची तार

आमच्या भागात घरावरून उघडी तार गेलेली दिसली की लोक एकच अर्थ काढतात : आकडा. दारव्हा तालुक्यातल्या या गावी बदली होऊन आलो, तेव्हा अंगणातल्या कडुनिंबापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत मी हौसेनं एक तार ताणली होती. तिसऱ्या दिवशी लाईनमन फटफटी उभी करून मान वर करून पाहत होता.

"सर, शिकल्यासवरल्या मानसानं आकडा टाकावा का जी?"

ती तार होती अँटेना. मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं दूरच्यांशी बिनतारी बोलण्याचा, परवाना आणून दाखवला. व्हीयू३ नं सुरू होणारी माझी खूण त्यानं बोट ठेवून वाचली. पटलं त्याला. पण जाताना म्हणाला, "तरी काढूनच घ्या. लोकं पाहून राह्यले." मी काही काढली नाही. आठ दिवसांनी वांदरांची टोळी आली, तिनं त्या तारेचा झोका केला आणि प्रश्न निकालात काढला.

मग अँटेना घरात घेतली. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, ही माझी पुण्याई. भाजलेली माती कोरडी असली की रेडिओलहरींना फारशी अडवत नाही. टिन मात्र त्यांना दारातूनच परत पाठवतं. शेजारच्या टिनाच्या खोलीत हाच खटाटोप केला असता तर नुसती खरखर ऐकत बसलो असतो. सगळं गाव कवेलू उतरवून टिन चढवायला निघालंय आणि हा मास्तर कवेलूचं कौतुक करतो, म्हणून घरमालकीण काकूंना मी जरा खुळाच वाटतो. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, ते त्यांना लागतात, मला नाही, हेही खरंच.

अडचण लांबीची. मी बोलतो त्या ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर अर्ध्या तरंगाची, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची, तार जवळपास २० मीटर भरते. घराची लांबी २४ फूट, म्हणजे जेमतेम सात मीटर. पण या तारेचा स्वभाव चांगला आहे. वीजप्रवाह सगळ्यात जास्त असतो तो मधल्या भागात, म्हणून मधला भाग तेवढा उंच आणि सरळ ठेवायचा. टोकं कशीही वळवली तरी ती फार रुसत नाही. मी मधला भाग आढ्याला लावून घेतला, दोन्ही टोकं भिंतीवरून खाली उतरवून वळचणीनं परत आणली. तार रिवाइंडिंगच्या दुकानातली, जळालेल्या मोटरीतून निघालेली. ती सागाच्या फाट्यांना टेकू नये म्हणून जागोजागी ठिबकच्या नळीचे तुकडे अडकवले. वर चुलीच्या धुरानं सगळं काळंकुट्ट, त्यात ती तपकिरी तार मलाही बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात कवेलू भिजले की तिचा सूर बिघडतो, तार रेडिओशी जुळवणाऱ्या ट्यूनरचं बटन चिमूटभर फिरवावं लागतं. तेवढं चालायचंच.

इतकी बुटकी तार लांबचं बोलत नाही. तिची लहर जवळजवळ सरळ वर जाते, २००-३०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, थराला लागते आणि तिथून पावसासारखी चहूकडे खाली येते. म्हणजे दिवसा पुणं, हैदराबाद. अमेरिका मागू नये. शिवाय तार डोक्यावरच असल्यानं मी ५ वॅटच्या पुढे जात नाही.

याच पट्ट्यात एकेकाळी फार मोठं काम झालंय. १९४२ च्या ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे माझ्या रेडिओची तबकडी रोज जिथून जाते तीच जागा. उषाताई मुक्काम बदलत राहिल्या, तरी नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना पकडलंच. त्या बावीस वर्षांच्या होत्या. मी लपतो कोणापासून? वांदरांपासून.

खरा शत्रू मात्र घरातच निघाला. तार घरात आणली की घरातला सगळा गोंगाटही तिच्या पदरात पडतो. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, समोरच्यांचा इन्व्हर्टर, प्रत्येकाची आपापली किरकिर. त्या किरकिरीत पुण्याचा आवाज गव्हातल्या खड्यासारखा शोधावा लागतो. आणि मग लोडशेडिंग होतं. गाव उसासा टाकतं, माझ्या रेडिओवरचा गोंगाटाचा काटा मात्र धपकन खाली येतो. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी जोडलेलीच असते. त्या शांततेत, एरवी ज्यांचा मागमूस नसतो ते आवाज एकेक करून वर येतात, विहिरीचा उपसा थांबल्यावर झरे दिसावेत तसे. लाईन गेली म्हणून खूश होणारा गावात मी एकटाच, आणि ते तोंडावर दिसू नये याची फार काळजी घ्यावी लागते.

काकूंपासून मात्र ते लपलं नाही. परवा लाईन होती, तरी ओसरीवरचा बल्ब अचानक विझला आणि कानातली निम्मी किरकिर गेली. मी बाहेर डोकावलो. काकू अंधारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, हात काही थांबले नव्हते.

"बटन म्याच बंद केलं," त्या म्हणाल्या. "लागलं का पुनं?"