आमची वाटचाल : काटा, पावती आणि आम्ही

कापसाच्या पावतीचं वेब ॲप्लिकेशन करणारे वर्धा जिल्ह्यात आम्ही काही पहिले नाही, आणि स्वस्त तर कधीच नव्हतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली. सांगायचं ते नागपूरची एक कंपनी आमच्या निम्म्या दरात उतरली त्या हंगामाचं.

'तुम्ही तर सॉफ्टवेअर टेस्टिंगचेही पैसे लावता बाप्पा,' म्हणत एकेक जिनिंगवाला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखानदार, तिकडे गेला. पगार थकले, धंद्यातला जोडीदार पुण्याला नोकरीला लागला. राहिले हिंगणघाटचे एक शेठजी. म्हणाले, 'मले कोड समजत नाही, पण तुमची पावती आन् माहा काटा कधी भांडले नाहीत.'

का भांडतील? जोडीदारानं जाण्याआधी शिस्तच तशी लावली होती. १० किलो म्हणजे ०.१ क्विंटल. जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा, ०.३०००००००००००००००४ सांगते. म्हणून आमच्याकडे वजन किलोत, रक्कम पैशात, दोन्ही पूर्णांकात. राउंडिंग, म्हणजे आकडा पूर्ण करणं, कोडमध्ये एकाच ठिकाणी, एकाच फंक्शनमध्ये. तक्रार आली की आधी ती चूक आपोआप पकडणारी टेस्ट लिहायची, मग कोडला हात लावायचा.

दुसरं म्हणजे नेट. काट्यावर गाड्यांची रांग, नेट रखडलेलं, ऑपरेटर 'सेव्ह' दोनदा दाबणारच. आमचा फॉर्म उघडतानाच पावतीला स्वतःची की, म्हणजे ओळखखूण, मिळते आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर युनिक बंधन आहे, तीच की दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही. दुसऱ्यांदा दाबलं तर तीच पावती परत दिसते. त्या कंपनीनं आमचा कटतीचा, म्हणजे कपातीचा, रकाना जसाच्या तसा उचलला, पण ही की स्क्रीनवर दिसत नाही ना! ऐन दिवाळीनंतरच्या गर्दीत एका गाडीच्या दोन-दोन पावत्या, दोनदा चुकारे. वर त्यांची पोरं फाइलझिला या फाइली पाठवायच्या सॉफ्टवेअरमधून थेट लाइव्ह सर्व्हरवर फाइली बदलत होती. जुनं व्हर्जन कुठंय, कोणालाच ठाऊक नाही.

कोडची प्रत्येक आवृत्ती जपणारं गिट २००५ पासून फुकट मिळतं राजेहो, तरी 'फायनल_२' नावाची फोल्डरं सुटत नाहीत. आणि बॅकअप घेऊन निवांत बसू नका, महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर चढवून पाहा. दिवाळी ते संक्रांत लाइव्हवर नवं काही टाकू नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागो.

गेलेले बहुतेक परत आले. टेस्टिंगची ओळ बिलात अजूनही वेगळी लिहितो, मुद्दाम. शेठजींना जुना दर आहे, बाकीच्यांना नवा.