पावसाळ्यापूर्वीची फर्मवेअर फेरी: इंदूर, नोंद तिसरी

या फेरीत फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला १ एमबी फ्लॅशचे (कायम टिकणाऱ्या मेमरीचे), तास्मोटा हे खुलं फर्मवेअर चढवलेले सोनऑफ बेसिक हे वायफाय स्विच आणि झिगबी या बिनतारी पद्धतीवर चालणारे प्लग घेतले. पाऊस लागायच्या आत हे उरकलेलं बरं. इंदुरात पहिल्या वादळासरशी लाइट जा-ये करू लागते, आणि अपडेटमधले काही सेकंद असे असतात की तेव्हा लाइट जाऊन चालतच नाही.

ते सेकंद नेमके कोणते, हे समजून घ्या. नवी फाइल डाउनलोड होताना ती फ्लॅशच्या रिकाम्या भागात उतरते. त्या वेळी वीज गेली तर जुनं फर्मवेअर शाबूत राहतं, पुन्हा सुरुवात करायची एवढंच. खरी भीती त्यानंतरची. रीस्टार्ट झाल्यावर बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम, नवी फाइल जुनीच्या जागी उतरवतो. 'कॉपी कर' ही सूचना आरटीसी मेमरीत (चिपमधल्या घड्याळाच्या छोट्या मेमरीत) असते आणि ती मेमरी वीज जाताच पुसली जाते. मग अर्धं जुनं, अर्धं नवं, आणि सिरियल केबलवाचून, म्हणजे उपकरण थेट तारेने लॅपटॉपला जोडल्यावाचून, सुटका नाही. म्हणून फक्त राउटर यूपीएसवर ठेवून भागत नाही, स्विचसुद्धा इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा. इन्व्हर्टर नॉर्मल नव्हे, यूपीएस मोडवर.

१ एमबीत चालू फर्मवेअर आणि पूर्ण नवी फाइल शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून आधी मिनिमल (तास्मोटाची छोटी, फक्त अपडेटपुरती फाइल), मग पूर्ण. ओटीए यूआरएल (वायफायवरून फाइल आणायचा पत्ता) दिली तर तास्मोटा हे दोन्ही टप्पे आपणहून करतं. फायली स्वतःच्या सर्व्हरवर असतील तर मिनिमल त्याच फोल्डरमध्ये हवी. मिनिमल चालू असताना सेटिंगला हात लावू नका. फार जुनी आवृत्ती असेल तर थेट उडी नको: ६.७.१, ७.२.०, ८.५.१, ९.१ आणि मग आजची. सुरू करण्यापूर्वी कॉन्फिगरेशनचा बॅकअप, म्हणजे डीएमपी फाइल, काढाच.

अपडेट नीट होऊनही पावसात सेटिंग पुसलेलं सापडतं. लाइट सहा वेळा झटपट गेली-आली, दर खेपेला दहा सेकंदांच्या आत, की सातव्यांदा तास्मोटा फॅक्टरी सेटिंगवर जातं. ती सोय मुद्दाम दिलेली आहे, पण लपंडावाच्या विजेत तीच नडते. तास्मोटाच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पानावर) 'सेटऑप्शन६५ १' दिलं की ती बंद. नंतर रीसेट करायचं झालं तर बटण ४० सेकंद दाबून धरायचं.

सिरियलवर घ्यायची वेळ आलीच तर मेन्सची वायर आधी सोडवा. सोनऑफ बेसिकचं सर्किट मेन्सपासून वेगळं केलेलं नाही. वायर जोडलेली असताना केबल लावली तर लॅपटॉप जातो, जीवही जाऊ शकतो. व्होल्टेज ३.३, पाच कधीच नाही. केबलच्या यूएसबी अडॅप्टरमधल्या एफटी२३२आरएल चिपच्या स्वतःच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर जेमतेम ५० मिलिअँपिअर मिळतात आणि वायफाय सुरू होताच ईएसपी (स्विचमधली मुख्य चिप) कितीतरी जास्त ओढतो; 'फ्लॅशिंग अर्ध्यावर थांबतं' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. त्यासाठी ३.३ व्होल्ट वेगळे पुरवणारं एएमएस१११७-३.३ चं छोटं मॉड्यूल जेल रोडवर विचारा. टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची पिन) उलटसुलट, म्हणजे एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला; जीपीआयओ० ही चिपची पिन ग्राउंडला लावून मगच वीज.

झिगबीचं गणित वेगळं, तिथे संयम लागतो. झिगबीटूएमक्यूटीटी, म्हणजे झिगबीची उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम, मूळ सेटिंगवर ५० बाइटचे तुकडे पाठवतं, दोन तुकड्यांत २५० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला २०० बाइट. २०० केबीच्या फाइलला सतरा मिनिटं, कमजोर सिग्नलला त्याहून जास्त. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत भिंती जाड, म्हणून मध्ये एखादा प्लग झिगबीचा राउटर (सिग्नल पुढे पोचवणारा) म्हणून ठेवला की फरक पडतो. एका वेळी एकच उपकरण घ्या. बॅटरीवरच्या सेन्सरना नवे सेल घालूनच हात घाला.

प्लग झाले. बेसिकांपैकी ज्यांच्या स्विचबोर्डाला इन्व्हर्टरची लाइन पोचलेली नाही, तेवढे बाकी; ते काढून टेबलावर सिरियलनेच घेणार.