घर चालवताना बी.एड. : हिशेब महिन्याने मांडावा

शनिवार, रात्री

बी.एड.चा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न एकच, फी किती? ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुले आहेत त्यांच्यासाठी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की, दोन वर्षे घरात पगार आला नाही तर भागणार कसे?

नियमित बी.एड. नोकरी सांभाळून होत नाही, कारण नियमच तसे आहेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. वर्षाला किमान २०० दिवस कामकाज, आठवड्याला किमान ३६ तास, वर्गातल्या आणि प्रात्यक्षिकाच्या कामाला ८० टक्के हजेरी, शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते. त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी येतात आणि नेमके तिथेच घराचे वेळापत्रक कोलमडते. संध्याकाळच्या शिकवण्या घेणाऱ्या बाईला हे जमते. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या दुकानात किंवा गारमेंटच्या युनिटमध्ये दहा ते सात काम करणाऱ्याला जमत नाही.

समजा, महिना ९,००० रुपये मिळत होते. दोन वर्षांत २,१६,००० रुपये घरात येणार नाहीत. फीचा आकडा मांडण्याआधी हा आकडा वहीत वर लिहावा. नवरा-बायको दोघांनी बसून लिहावा, कारण घरखर्चाला कात्री लागणार ती दोघांच्याही.

यावर ‘हजेरी लावायची गरज नाही, थोडे वरचे पैसे भरा’ असा तोडगा सुचवणारे भेटतात. त्या पैशाची पावती मिळत नाही. पुढे हजेरीवरून परीक्षेचा अर्ज अडला, तर पावतीशिवाय दाद मागायला जागा नाही. मुलांच्या तोंडचा पैसा असा घालवू नये, असे अगदी कळकळीने वाटते.

ज्यांचे डी.एड. झाले आहे आणि जे प्राथमिक शाळेत शिकवत आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा आणि इग्नूचा दूरशिक्षणाचा बी.एड. आहे. तिथे पगार चालू राहतो. हा पर्याय असताना नियमित कॉलेजसाठी नोकरी सोडण्याचे कारण दिसत नाही.

रविवार

पैसे जमवण्याआधी वयाचा हिशेब. तो कोणी करत नाही आणि मग फार लागतो.

बी.एड.च्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. सरकारी शिक्षकभरतीला आहे: खुल्या प्रवर्गाला सर्वसाधारणपणे ३८, मागासवर्गीयांना ४३. पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरची भरती ‘टेट’ अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते आणि ही चाचणी दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. खुल्या प्रवर्गातल्या छत्तिसाव्या वर्षीच्या बाईने आज प्रवेश घेतला, तर पदवी हातात येईपर्यंत अडतीस. तिने सरकारी नोकरी गृहीत धरून कर्ज काढू नये. खाजगी इंग्रजी शाळा, सीबीएसई शाळा, स्वतःचे क्लास यांवर हिशेब बसत असेल तरच पुढे जावे.

दुसरी गोष्ट, ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला बी.एड. चालत नाही. तिथे डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड., लागते. लहान मुलांना शिकवायची आवड म्हणून बी.एड.ला येणाऱ्यांना हे आधी सांगायला हवे. त्यांनी बारावीच्या गुणांवरचे डी.एल.एड. पाहावे.

नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावर. मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. कर्जाचा हप्ता या मानधनातून जायचा आहे, पूर्ण वेतनश्रेणीतून नव्हे.

बुधवार

आज सवलतींचा विचार. इथे नीट थांबायला हवे, कारण पैसा आहे आणि तो बहुतेक वेळा कागदावरून अडतो.

पहिली अट म्हणजे प्रवेश राज्य सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर जागा घेतली की शुल्क सवलतीचे दार बंद. कॅपच्या पहिल्या फेरीत नंबर लांबच्या कॉलेजला लागला म्हणून घाईने कोट्यातली जागा धरतात, तिथे सवलतीचे सगळे पैसे बुडतात. बार्शी, मोहोळ किंवा अक्कलकोटहून सोलापूरला रोज येणे एसटीने जमण्यासारखे आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. प्रवासाचा खर्च आणि बुडणारी सवलत शेजारी-शेजारी लिहिली की निर्णय सोपा होतो.

दुसरे, योजना प्रवर्गाप्रमाणे वेगळी. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत खुल्या प्रवर्गाला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमात कॅपमधून आलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या विद्यार्थिनींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत, त्यावर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. मात्र शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यापलीकडचे विकास शुल्क, अनामत, गणवेश, सहल हे सगळे बहुधा खिशातूनच. कॉलेजकडून शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काचा तपशील मागून घ्यावा आणि कोणती बाब सवलतीत येते त्यावर पेनाने खूण करावी.

कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे कोणाचे? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नोकरी नसलेल्या विवाहितेसाठी पतीचे उत्पन्न धरतात. नॉन-क्रिमी लेयर दाखल्यात मात्र आईवडिलांची परिस्थिती पाहतात. म्हणून एका बाईच्या फाइलमध्ये सासरच्या तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि माहेरच्या बाजूचे जातीचे कागद असे दोन जिल्ह्यांचे दाखले येतात. माहेर धाराशिव किंवा लातूरचे असेल तर दोन-चार फेऱ्या धरून चालावे. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, त्यामुळे सीईटीचा अर्ज भरतानाच तेही मार्गी लावावे.

सोलापूरची म्हणून एक खास अडचण आहे. विजयपूर, कलबुर्गीकडच्या कितीतरी मुली लग्न होऊन इथे येतात. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी किंवा राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी चालत नाही, लग्न झाले तरी नाही. त्यांनी खुल्या प्रवर्गाचा हिशेब करावा आणि अधिवासाचे कागद आधी तपासावेत. प्रवेशाच्या आठवड्यात हे कळले तर हातात काही उरत नाही.

नावाचे काय होते? पदवीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, या दोन कागदांनी बहुतेक गाठी सुटतात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आधार भलत्याच खात्याशी जोडलेले असते. माहेरी असताना काढलेले, आता बंद पडलेले खाते. डीबीटीचा, म्हणजे थेट खात्यात येणारा, पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातो. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ त्याच खात्याला आहे का, हे अर्जाआधी विचारावे.

शिक्षणातल्या खंडाचे प्रतिज्ञापत्रही लागते. पदवीनंतर दहा-बारा वर्षे काय केले हे त्यात साधेपणाने लिहायचे: घर, मुले, नोकरी. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा मुद्रांकाचा खर्च करण्याआधी सेतू (दाखल्यांच्या) केंद्रात विचारून घ्यावे.

अर्ज भरला म्हणजे काम झाले असेही नाही. तो कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनवर पडून राहतो. त्रुटी काढून परत आला तरी विद्यार्थ्याला कळत नाही, कारण मोबाइल क्रमांक सायबर कॅफेवाल्याचा टाकलेला असतो. दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून स्थिती पाहावी.

शुक्रवार

सवलत मंजूर झाली तरी पैसे कधी येतील? बरेचदा वर्ष संपताना, कधी त्यानंतरही. फी, प्रवास, टाचणवह्या, तक्ते, झेरॉक्स मात्र पावसाळ्यातच सुरू. खरी अडचण या मधल्या महिन्यांची आहे.

त्यासाठी बारा रकान्यांची एक पट्टी आखावी. वर जून ते मे. खाली लागणारे पैसे: प्रवेशाच्या महिन्यात फी आणि अनामत, सूक्ष्म अध्यापन व पाठ सुरू होतील तेव्हा साहित्य, आंतरवासितेच्या महिन्यांत शाळेपर्यंतचा प्रवास आणि पाळणाघराचे वाढीव तास, परीक्षेआधी परीक्षा शुल्क. त्याखाली येणारे पैसे. पतीचा पगार, शिकवणीचे पैसे, दिवाळीचा बोनस. शिष्यवृत्तीचा रकाना पहिल्या वर्षात मोकळाच सोडावा. ती आली तर दुसऱ्या वर्षाच्या फीला उपयोगी पडेल. मुलांच्या फीच्या तारखाही याच पट्टीत हव्यात, कारण जूनमध्ये दोन्ही एकदम येतात.

मोकळ्या महिन्यांसाठी मायक्रोफायनान्सचे आठवड्याचे हप्ते घेऊ नयेत. ज्या घरात आठवड्याला मजुरी येते तिथे ते एक वेळ चालतात; कॉलेजात बसलेल्या बाईकडे आठवड्याला काही येत नाही. बचत गटाचे कर्ज किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतले सोनेतारण बरे. सोनेतारण पुढची रक्कम कुठून येणार हे नक्की असेल तरच, नाहीतर वर्षअखेर व्याज भरून नुसते नूतनीकरण होत राहते.

शैक्षणिक कर्ज साधारण ४ लाखांपर्यंत विनातारण, स्वतःचा वाटा न घालता मिळते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. या सवलतीच्या काळात व्याज मात्र चालूच असते. उदाहरण घेऊ: एकूण १ लाख, दर वर्षी ५०,००० असे उचललेले, व्याज १० टक्के. काहीच भरले नाही तर हप्ते सुरू होताना २५,००० रुपये व्याज साचलेले असते. मग पाच वर्षांचा हप्ता सुमारे २,६५६. शिकताना फक्त व्याज भरत राहिले, पहिल्या वर्षी महिना ४१७ आणि पुढे ८३३, तर हप्ता २,१२५ वर राहतो. १८,००० मानधनात या ५३१ रुपयांचा फरक जाणवतो. हे व्याज लाडकी बहीण योजनेच्या पैशातून निघत असेल तर त्या पैशाचा याहून चांगला उपयोग नाही. बँकेत कर्जासाठी जाताना कॅपचे वाटपपत्र, मंजूर शुल्काचा तपशील आणि पतीच्या किंवा सहकर्जदाराच्या उत्पन्नाचे कागद सोबत असावेत. पाहिजे तेवढेच उचलावे. शिष्यवृत्ती जमा झाली की ती कर्जखात्यात भरावी. मुदतीआधी भरल्याबद्दल दंड आहे का, हे सही करण्याआधी विचारावे.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे नूतनीकरण आपोआप होत नाही. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की नवा अर्ज आणि त्यासोबत चालू वर्षाला वैध उत्पन्नाचा दाखला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा निकाल आणि अर्जाची मुदत यांचा मेळ बसेलच असे नाही. म्हणून दाखला एप्रिलमध्येच सेतूतून काढून ठेवायचा, आंतरवासिता सुरू होण्याआधी. एकदा ते १६ आठवडे सुरू झाले की तहसीलच्या वेळेत मोकळा दिवस मिळत नाही.