दाव्याला बांधलेला लॅपटॉप

आमचं वायफाय एरवी गुणी. माझी बोलायची पाळी आली की मात्र त्याला डुलकी लागते. परवा मीटिंगमधले सगळे चेहरे तोंडं उघडी ठेवून गोठले, तेव्हा उठले आणि पूर्वी कधीतरी राउटरपासून ओढून आणलेली ईथरनेट केबल टेबलामागून बाहेर काढली. लावायला जाते, तर नव्या लॅपटॉपला तिच्यासाठी भोकच नाही! बारीक व्हायच्या नादात यांनी एकेक अवयव गाळलाय. मग यूएसबीचा अडॅप्टर शोधणं आलं.

शेवटी केबल आत सरकवली आणि 'टक्' झालं. या आवाजासाठी मी कधीही वायरची बाजू घेईन. वायफाय लागल्याचं पडद्यावर वाचावं लागतं. इथे ते बोटांना कळतं.

दिवा लागला, पण वेग दिसत होता 100 एमबीपीएस. राउटर, अडॅप्टर, केबल, तिघंही 1000 ची. केबलवरून हात फिरवत मागे मागे गेले, तर दाराखाली ती पार चपटी झालेली. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. 100 ला दोन जोड्या पुरतात, 1000 ला चारही लागतात. म्हणजे दाराने एखादी तार केव्हाच तोडली होती आणि उरलेल्यांनी कुरकुर न करता संसार चालू ठेवला होता.

टाकून देण्याआधी ती कापून पाहिली (हा मोह मला आवरत नाही). नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येकीला त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी जोडीदारीण, आणि दोघींना पीळ. बाहेरून विजेचा खरखराट आला तर तो पिळामुळे दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडच्या टोकाला दोघींमधला फरकच मोजतात, त्यामुळे तो वजा होऊन जातो. ग्रॅहम बेलने 1881 मध्येच टेलिफोनच्या तारांसाठी पिळाचं पेटंट घेतलं होतं. शिवाय प्रत्येक जोडीचा पीळ कमीजास्त, म्हणजे शेजारणीच्या गप्पा हिच्या कानात जायला नकोत.

नाव मात्र हवेतलं. 1973 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफने 'ईथरनेट' म्हटलं, ते ईथरवरून, म्हणजे प्रकाश वाहून नेतं असं पूर्वी मानलं जाई त्या अदृश्य माध्यमावरून. तो ईथर मायकेलसन आणि मॉर्ले या शास्त्रज्ञांना 1887 मध्ये शोधूनही सापडला नव्हता. नसलेल्या गोष्टीचं नाव चांगल्या जाडजूड केबलला!

आता खणातली दुसरी केबल लावली आहे. 1000 येतंय. फक्त 'टक्' नाही, कारण तिची प्लास्टिकची क्लिप मोडलेली. ती नेहमी आधी मोडते. खाली कागदाची घडी खोचून भागवलंय. काल मीटिंग चालू असताना सवयीने लॅपटॉप उचलून खिडकीकडे निघाले. तिसऱ्या पावलाला दावं ताणलं, कागद खाली पडला, आणि समोरचे चेहरे पुन्हा तोंडं उघडी ठेवून गोठले.